दोन मुलींची ती कादंबरी

वाचनालयाच्या अध्यक्षांनी हात मागे घेतला आणि पुस्तक खाली पडलं.

सतरंजीवर पालथं पडलं. कुणी उचललं नाही.

"हे काय आणलं तू?" अध्यक्ष म्हणाले. तोवर ते मला तुमी म्हणायचे. "पोरीपोरींचं लफडं? तुमच्या वस्तीत चालत असंल. इथं घरंदाज माणसं बसतात."

मी उभाच. माझी पोरगी मागं भिंतीला टेकून बसली होती.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात एक वाचनालय होतं. खोली अध्यक्षांच्या घराण्यानं दिलेली. मी विजेच्या ऑफिसात हिशोब बघायचो. बौद्ध वस्तीतून तिथं सभासद झालेला पहिला मी. दुसरे आमचे गुरुजी, गावच्या शाळेतले.

महिन्यातून एकदा रविवारी वाचकांची बैठक व्हायची. रीत अशी की ज्याला एखादं पुस्तक आवडलं त्यानं उभं राहून त्याबद्दल बोलायचं आणि मग ते अध्यक्षांच्या हातात द्यायचं. ते शेजारच्याला देणार, तो पुढच्याला. ज्याला वाचायचं असेल त्यानं ते मांडीवर ठेवून घ्यायचं.

मी पुस्तकांसाठी जायचो, तितकाच या रीतीसाठीही जायचो. माझा बाप याच घराण्याच्या वावरात जन्मभर राबला. त्याच्या हातून यांनी पाण्याचा तांब्या कधी घेतला नाही. त्याला भाकर वरून टाकायचे. आणि माझ्या हातातलं पुस्तक अध्यक्ष सरळ घेत होते. बोटाला बोट लागायचं. मला वाटायचं, एवढं तरी मिटलं.

ते पुस्तक पोरीनं आणलं होतं. ती अकरावीला होती, वसमतच्या कॉलेजात. नांदेडला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथून घेतलं. हिंदी कादंबरी, तिच्याच वयाच्या लेकरांसाठी लिहिलेली. वसतिगृहात राहणाऱ्या दोन मुली. एकीचा दुसरीवर जीव जडतो. घरच्यांना कळतं आणि ते दोघींना वेगळं करतात. मी ती दोनदा वाचली. घाण असं एक वाक्य सापडलं नाही. दुसऱ्यांदा वाचताना जास्त रडू आलं.

"पप्पा, ही तुमी बैठकीत सांगा ना," ती म्हणाली. "तुमचं ऐकतात तिथं."

मी हो म्हणालो. तिनं माझ्या शर्टाला इस्त्री केली. बैठकीला स्वतःहून आली.

मी वाटलं ते बोललो. म्हणालो, या वयाच्या पोरापोरींच्या हातात अशी पुस्तकं पडली पाहिजेत. नाहीतर जो असा असेल त्याला वाटतं, जगात आपण एकटेच. बोलून पुस्तक पुढं केलं. तो हात मागे गेला.

तो हात मी ओळखला. लहानपणी रोज बघितलेला.

कापसाचा व्यापारी असलेला एक सभासद म्हणाला, "अहो साहेब, विजेच्या ऑफिसात नोकरी करता अन् एवढं कळत न्हाई? दोन सारख्याच वायरी जोडून बल्ब लागतो व्हय?"

खोलीत आम्ही चौदा जण होतो. हसले नाहीत ते दोघंच, मी आणि पोरगी. गुरुजीही हसले. खाली बघून, पण हसले.

मी वाकून पुस्तक उचललं, झटकलं. शेजारच्याला दिलं. त्यानं घेतलं नाही. एकेकापुढं गेलो. कुणीच घेतलं नाही. शेवटी पोरीपुढं आलो. तिनं हात उचलला. मग सगळ्यांकडं बघितलं आणि हात खाली घेतला.

आम्ही घरी निघालो. हळद शिजवायचे दिवस. रस्त्याकडेला कढयांखाली जाळ पेटलेला, लोक कामात.

"पप्पा, माझ्यामुळं तुमची इज्जत गेली."

"पुस्तक मी सांगितलं. तू न्हाई."

"ती गोष्ट माझी हाय, पप्पा." ती थांबली. "मला बी पोरीच आवडतात. लई दिवसांपासून."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच चालत राहिलो.

त्या रस्त्यावर मला कळलं. अध्यक्ष माझ्या हातून पुस्तकं घेत होते, कारण मी त्यांना चालतील अशीच पुस्तकं आणत होतो. मिटलं काहीच नव्हतं. विटाळाला नवं माणूस सापडलं होतं, आणि ते माझं लेकरू होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी घरी आले. "भाऊ, चुकून आणलं म्हणा, विषय संपला. न्हाईतर सभासदत्व जाईल. किती तकलीफ सोसून आपण त्या खोलीत शिरलो. काहून आपल्या हातानं घालवून राहिले?"

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. ते पोरीचं होतं. सांगायचा हक्क तिचा.

पुढच्या बैठकीत उभा राहिलो. म्हणालो, "चुकून आणलं नव्हतं. वाचून आणलं होतं. परत आणीन." आणि बाहेर पडलो.

सभासदत्व गेलं. गावात कुजबुज सुरू झाली, याचंच तसलं काही असंल. मी खुलासा केला नाही. बोट तिच्याकडं वळण्यापेक्षा माझ्याकडं असलेलं बरं.

बारावी झाल्यावर पोरगी पुण्याला गेली. शिकली, नोकरीला लागली. गावाला येत नाही. चौदा एप्रिललाही नाही. तिची आई विचारते, "आपलं काय चुकलं वो?" तिलाही मी सांगितलेलं नाही. पोरीचा फोन येतो. "पप्पा, काय वाचून राहिले?" मी सांगतो. आमच्यात बोलायला तेवढंच उरलंय.

मागच्या वर्षी गुरुजी परत आले. वाचनालयाला हिशोब बघणारा माणूस हवा होता. म्हणाले, "अध्यक्षांनी स्वतः बोलावलं. फक्त तो विषय तेवढा काढू नका."

"तो विषय माझ्यासंगं आत येईल, गुरुजी. न्हाईतर मी येत न्हाई."

ते चहा अर्धा ठेवून गेले.

रविवारी मी विहाराच्या ओट्यावर पुस्तकं घेऊन बसतो. तिथंही काहींनी तोंड फिरवलं. कॉलेजची पोरं-पोरी येतात, काय वाचावं विचारतात. मी पुस्तकाचं नाव सांगतो. गोष्ट कुणाची कुणावर जीव जडल्याची आहे, तेही सांगतो. पोरीचा पोरीवर. पोराचा पोरावर. रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जाईल असं सांगतो. ओट्यावरून उठवलं तर रस्त्यावर बसेन. आवाज खाली आणणार नाही.