प्लेटमावशीची गिनती

आमच्या घराण्यातल्या लग्नांचे अल्बम काढून बघा. माझ्या लग्नापर्यंतच्या एकाही अल्बमात तुम्हाला प्लेटमावशी दिसणार नाही. हळदीत नाही, मंगलाष्टकांना नाही, नवरा-नवरीच्या मागच्या रांगेतसुद्धा नाही. कारण ती त्या वेळी जेवणाच्या मांडवात, प्लेटांच्या थप्प्यांसमोर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत पदर खोचून बसलेली असायची. ही माझ्या आईची मोठी बहीण. तिला स्वतःचं एक चांगलं नाव होतं, पण तिच्या नवऱ्याशिवाय ते कोणी घेत नसे. आईच्या माहेरची माणसं तर तिला प्लेटमावशी म्हणायचीच, पण आमच्या बाबांच्या घरचे, ज्यांची ती मावशी लागत नव्हती, तेही तेच म्हणायचे.

आमच्या नागपुरात लग्नाच्या जेवणाचा हिशेब प्लेटवर असतो, हे सांगायला नको. जेवणाआधी केटररनं आणि घरच्यांनी मिळून प्लेटा मोजायच्या, पंगती आटोपल्या की उरलेल्या मोजायच्या, मधल्या जेवढ्या गेल्या तेवढ्यांचे पैसे. ऐकायला सरळ वाटतं. पण ज्यांनी घरचं लग्न काढलंय त्यांना विचारा. जरा गर्दी वाढली की वाढप्यांच्या हातून कोऱ्या प्लेटा खरकट्याच्या टबात जाऊन पडतात, आणि टबात पडली की ती जेवलेली प्लेट! मावशीनं हा प्रकार एका लग्नात उघडा पाडला. टबात हात घालून तिनं एक कोरडी ठणठणीत प्लेट बाहेर काढली आणि केटररला विचारलं, "याच्यात कोण जेवलं गा? उपासाचा माणूस होता का?" त्या दिवसापासून घरात लग्न ठरलं की हॉलच्या आधी मावशी बुक होऊ लागली.

ती खुर्चीवर बसली की पाणी प्यायलासुद्धा उठत नसे. दुसरी प्लेट घ्यायला येणाऱ्या पाहुण्याला, मग तो व्याही का असेना, ती सांगायची, "त्याच प्लेटीत घ्या ना भाऊ, तुमचंच उष्टं आहे." सगळ्यात शेवटी, गार झालेला मसालेभात आणि तळाशी बसलेली कढी तिच्या वाट्याला यायची. मावसाजी, म्हणजे तिचे यजमान, कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला होते, स्वभावानं गरीब. ते म्हणायचे, "माह्या वरातीतले माणसं हिनं बोहल्यावरून मोजले होते."

आता तुम्ही म्हणाल, बाई कंजूष होती. अजिबात नाही. जास्त घेतलेला रुपया ती जशी भांडून परत मागायची, तसाच चुकून कमी घेतलेला रुपया ती भांडून परत द्यायची! हे दुसरं लोकांना झेपत नसे. एकदा औषधवाल्यानं तिच्या बिलात एक पाकीट धरलंच नाही. मावशी कोराडीला घरी येऊन बघते तर हा घोळ. मी तेव्हा सुट्टीत तिच्याकडे होते. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ती बसनं परत शहरात आली आणि पैसे काउंटरवर आपटले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काकू, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." झालं! मावशी भडकली. "स्तुती नको करू. मागच्या महिन्यात तू मले तारीख गेलेली बाटली दिली होती. ते बोलायचं होतं, पण तुहे पैसे माह्याकडे होते म्हणून कालपासून गप बसली. आता ऐक." आणि पुढची दहा मिनिटं दुकानातली गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावून हसत होती.

परत येताना बसमध्ये मी तिला विचारलं, "मावशी, चूक त्याची होती ना? तू कशाला गेलीस?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मले भांडाले लागते ना वं. त्याचे पैसे खाऊन बसली असती, तं भांडली कशी असती?" मावशीचा प्रामाणिकपणा हा असा होता. त्यात देवधर्म नव्हता, पुण्य नव्हतं. साध्या भोळ्या माणसाचा चांगुलपणा तर मुळीच नव्हता. तिला आपला आवाज शाबूत ठेवायचा होता, आणि त्यासाठी कोणाचा छदाम अंगाला चिकटू द्यायचा नव्हता.

आता माझ्या लग्नाचं सांगते. हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसले आहे, कारण आमच्या घरात ही गोष्ट इतकी वर्षं एकाच बाजूनं सांगितली गेली.

अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडचं एक लॉन. दुपारचा मुहूर्त. केटरर कोण, तर मावशीनं आधी दोनदा पकडलेला तोच शेठ. मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, त्यांनी ठरवलेला. मुलाकडचे सावनेरचे. सांगितल्या होत्या दोन बस, आल्या तीन. जेवणं रंगात आली आणि प्लेटा संपत आल्या. शेठनं गोदामातून टेम्पोत आणखी प्लेटा मागवल्या. त्याच वेळी पुऱ्यांच्या भट्टीचा गॅस संपला, शेठचा मॅनेजर तिकडे धावला, आणि टेम्पोतल्या प्लेटा मागच्या दारानं थेट वरच्या हॉलमध्ये, मुलाकडच्या वडीलधाऱ्यांच्या जेवणाला गेल्या. मॅनेजरनं त्या लिहिल्याच नाहीत. काकांनी टेम्पो पाहिला होता. मावशीनं नुसता पाहिला नव्हता, खुर्ची सोडून वर जाऊन थप्प्या मोजल्या होत्या. पुऱ्या दोनशे प्लेटा.

संध्याकाळी, पाठवणीच्या आधी, नवरीच्या खोलीत काकांनी दार लोटून घेतलं. खोलीत मी, आई, बाबा, काका आणि मावशी. काका खुशीत होते. "शेठच्या कागदावर दोनशे प्लेटा कमी आहेत. चाळीस हजारांच्या वर वाचून राहिले. कोणी काही बोलायचं नाही."

"मी बोलणार," मावशी म्हणाली.

"काहून? चूक त्याची आहे. आपण चोरी केली का? आयुष्यभर लोकांले लुटलं त्यानं. तुम्हीच दोनदा पकडलं ना त्याले?"

"म्हणूनच तं! तिसऱ्यांदा पकडायचं आहे मले. आज याचे खाल्ले, तं उद्या याले चोर कोणत्या तोंडानं म्हणू?"

आई रडकुंडीला आली. "अवं ताई, यांच्याकडे बघ ना जरा. लग्नात किती खर्च झाला तुले माहीत आहे." बाबा भिंतीला टेकून उभे होते. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं, तिला ते जड गेलं. तिच्या धाकट्या बहिणीचा संसार होता तो. पण ती म्हणाली, "मले तिथं गिनती करायले बसवलं होतं. आपल्या फायद्याची गिनती करायची होती, तं दुसरं कोणी बसवायचं होतं."

काका उसळले. "मंग आजपासून आमच्या घरच्या लग्नात प्लेटांवर बसायचं नाही."

"नाही बसत. पण आजचं लग्न उरकायचं आहे अजून. आजची गिनती मीच सांगीन."

बाहेर शेठ बिल घेऊन उभाच होता. मावशीशी भांडून भांडून तो थकला होता. त्यानं हात जोडले, "ताई, मेरेको झगडा नको. तुम्ही जो आकडा बोलाल तो मंजूर." विचार करा! नुसती मान हलवायची होती. मावशीनं त्याच्या हातातलं बिल घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वरच्या हॉलमधल्या दोनशे प्लेटा विसरला तू. त्या लिही. अन् हे पाण्याचे एवढे जार कोणाच्या बापानं पेले? अर्धे तं उतरवलेच नाही टेम्पोतून. ते काट." शेठचं तोंड उघडं पडलं ते पडलंच. त्यानं दोनशे प्लेटा लिहिल्या आणि निमूटपणे जार कापले.

बाबांनी फक्त विचारलं, "किती झाले?" पैसे कमी पडले. काकांनी मोबाइल काढला आणि माझ्या नव्या सासऱ्यांच्या देखत, मोठ्यानं रक्कम वाचत, बाबांसाठी उसने भरले. माझ्या बाबांची मान खाली गेली. मला मेंदी लावलेल्या हातांनी काकांचा तो फोन हिसकावून फेकावासा वाटला. मी त्या दिवशी रडले ती सासरी जायचं म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी शेठ मिठाईचा डबा घेऊन कोराडीला मावशीच्या दारात हजर. मावशीनं डबा उघडूनही पाहिला नाही. "हे कशासाठी? पुढच्या वेळी मी डोळे मिटावे म्हणून? उचल. मी तुह्या बाजूची नव्हती, अन् आजही नाही." मावसाजींना संत्रा बर्फी फार आवडायची. ते दारापर्यंत डब्याकडे बघत राहिले म्हणे.

काकांनी शब्द पाळला. त्यांच्या दोन्ही मुलांच्या लग्नात प्लेटांवर त्यांचा साळा बसला. मावशीला पत्रिका गेली, ती आली, चांगली जरीची साडी नेसून पहिल्या पंगतीला बसली. मला म्हणाली, "लग्नात गरम पुरी कशी लागते ते आज समजलं वं." हसलो आम्ही. पण उठताना ती प्लेटांच्या टेबलापाशी क्षणभर थांबली आणि तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकताना मला दिसला. "मोजून राहिली का मावशी?" मी विचारलं. "डोळे आहेत, मोजतात," ती म्हणाली. "पण आज मले कोणी विचारलं नाही." तिचं असं पडलेलं तोंड मी तोवर पाहिलं नव्हतं. मला काकांचा त्या दिवशी पुन्हा एकदा संताप आला.

घरात मात्र गोष्ट पसरली ती अशी, की प्लेटमावशीनं शेठकडून पैसे खाल्ले असतील. घरभेदी बाई. स्वतःच्या बहिणीला बुडवलं. दिवाळी असो, बारसं असो, काका हे सांगायचे आणि लोक माना हलवायचे. मी दर वेळी भांडले. "सूनबाई झाली तरी तोंड मावशीचंच," असं मला सुनावलं गेलं. असू दे, मावशीचंच आहे. शेठच्या चुकीवर गप्प बसणं म्हणजे हुशारी, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याशी खुशाल वाद घालावा. मी बसलेच आहे.

बाबा तेवढे कधी बोलले नाहीत. त्यांनी काकांचे पैसे हळूहळू फेडले, सगळे. मावशीबद्दल बरं की वाईट, एक अक्षर नाही. मला वाटायचं, मनातून तेही काकांच्याच बाजूचे असतील. त्यांना दोष तरी कसा देणार?

या थंडीत मावशी गेली. चार दिवस ताप आला आणि गेली. दवाखान्यात नर्सशी भांडत होती, तोवर आम्हाला आशा होती.

तेरवीला सगळे जमले. पानं वाढली, भजी, वडे, खीर. काकांनी मठ्ठ्याचा घोट घेतला आणि सुरू झाले, "माणूस गेल्यावर बोलू नये, पण त्या दिवशी बाईनं आपल्या घराचं नुकसान..."

मी वड्यांचं पातेलं हातात घेऊन तशीच थांबले. तोंड उघडणार, तोच बाबा बोलले. मान वर न करता, घास मोडता मोडता.

"दादा, पैसे माहे गेले होते. तुले काहून दुखून राहिलं?"

काकांचा हात पानावर तसाच राहिला. बाबांनी घास तोंडात घातला आणि म्हणाले, "माह्या पोरीच्या लग्नात कोणी फुकट जेवलं नाही. हे मले तिच्यामुळे सांगता येते. तुह्या पोरांच्या लग्नाचं तू सांग."

काकांनी मठ्ठ्याचा पेला उचलून तोंडाला लावला. मी बाबांच्या पानात आणखी एक वडा वाढला, आणि त्यांनी नको म्हटलं नाही.