नायिकेच्या तोंडी माझी बोली

आटपाडीच्या माळावर एका ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. नायिका मुंबईत वाढलेली. तिला आमच्याकडची बोली शिकवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मला कोरेगावहून बोलावलं. मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण.

सिनेमात नायिकेचे वडील किल्लेदार आणि नवरा वेढा घालणाऱ्या फौजेत. तो चोरून तिला भेटायला येतो आणि परत छावणीकडे निघतो. त्या वेळी तिला लांबलचक भाषण होतं. ते तिच्या तोंडी बसेना.

मी म्हटलं, "आमच्याकडं बाई एवढं बोलत न्हाई. 'भाकरी बांधलीया, जावा,' एवढंच म्हणती."

दिग्दर्शकाला ते पटलं. नायिकेनं दिवसभर माझ्यामागं फिरून तो 'जावा' घोटला.

वाक्य माझंच होतं, हे मी तिला सांगितलं नाही. आमचे हे फौजेत होते. सासरे अंथरुणाला खिळलेले, माझे दिवस भरत आलेले, आणि सीमेवर लढाई पेटली म्हणून अर्ध्या रजेतून बोलावणं आलं. मी भाकरी बांधून दिली आणि म्हटलं, "जावा."

हे दारात थांबले. "एकदा थांबा म्हण की गं."

मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी ते जाणारच होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यानंतर आली ती तिरंग्यातली पेटी.

सिनेमा लागला तेव्हा लेकीबरोबर सांगलीला गेले. तो प्रसंग आला. नायिका "जावा" म्हणाली आणि लेकीनं माझा दंड धरला. "आई, तूच बोलतीयास!"

शूटिंगच्या वेळी सिनेमातला नवरा त्या 'जावा'नंतर लगेच निघून जायचा. मी परतल्यावर त्यांनी प्रसंग वाढवला असावा. पडद्यावर तो पाठमोरा थांबला आणि म्हणाला, "एकदा थांबा म्हण."

यांचेच शब्द. हे मी कुणालाच कधी बोलले नव्हते. आणि ती, माझ्याच बोलीत, म्हणाली, "थांबा."

तो तरी गेलाच. गडावरून सुटलेल्या गोळीनं उतारावर पडला.

थिएटर रिकामं झालं तरी मी बसून होते. मग लेकीला सगळं सांगितलं. तिनं वडील पाहिलेले नाहीत.

"तू काही बोलली न्हाईस, तवा त्यांनी काय केलं?"

"हसले. भाकरी घेतली नि गेले."

परतताना इस्लामपूर मागं पडेपर्यंत ती तेच विचारत राहिली. कसे हसले? दात दिसले का? माझ्यासारखे?

हल्ली तिन्हीसांजेला भाजी निवडताना मागून "थांबा" ऐकू येतं. आवाज नायिकेचा असतो. मी वळून बघते. दार उघडं असतं आणि अंगणात कुणीही नसतं.