काठीची चार बोटं

आमच्या गोठ्याच्या उगवतीकडच्या चार खांबांना एकेक भोक जास्तीचं आहे. ते कशामुळे पडलं, हे या जगात मला एकटीला ठाऊक आहे. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, नाते गावच्या माझ्या बहिणीलाही नाही — आणि तिच्यापाशी तर मी पोटातलं सगळं ओकते. मग तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. आज भाकऱ्या लवकर आटोपल्या, ओटीवर ऊन छान आलंय, आणि समोर तो गोठा दिसतोय.

गोठा लोखंडाचा आहे. आता त्याचं नवल नाही. पण संयुक्त महाराष्ट्राच्या सभा चालल्या होत्या त्या दिवसांत, पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत लोखंड म्हणजे विळा, कोयता आणि नांगराचा फाळ. गोठे लाकडाचे, आणि चार पावसाळे झाले की वाळवी खांब पोखरणार. माझे यजमान मुंबईला एका कारखान्यात फिटर होते. एका मोडलेल्या गोदामाचे अँगल त्यांनी भंगारात घेतले, ट्रकने हमरस्त्यापर्यंत आणले, आणि वाडीतल्या माणसांनी ते खांद्यावरून वर चढवले. वाडीत वीजच नव्हती, तर वेल्डिंग कुठलं? हे म्हणाले, नकोच ते. भोकं पाडू आणि नट-बोल्टांनी आवळू. छातीला टेकवून हाताने फिरवायचं ड्रिल होतं त्यांच्याकडे. एकेका भोकापायी घामाघूम व्हायचे. मी ताक घेऊन जायची तेव्हा त्यांच्या हातांवर लोखंडाचा कीस चमकत असायचा — आणि खरं सांगते, मला फार अभिमान वाटायचा.

कारण गोष्ट नुसत्या गोठ्याची नव्हती. हा नीट उभा राहिला तर आसपासच्या वाड्यांतली कामं मिळणार होती, आणि मग हे मुंबई सोडून घरी राहणार होते. शेजारच्या वाडीतले दोघे शेतकरी तर म्हणून गेले होते, आधी तुमचा बघू, मग आमचे करा. आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. त्यातला जेमतेम दीड महिना आम्ही एका छपराखाली काढला होता.

मापाला टेप होती, पण ती गंजून तिसऱ्या फुटाला अडकायची. म्हणून त्यांनी बांबूची काठी केली. उगवती-मावळतीचे खांब जोडणाऱ्या आडव्या पट्टीखालून मला न वाकता जाता आलं पाहिजे, असं म्हणत भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, माझ्या डोक्यावर चार बोटं धर. मी टाचा उंचावून धरली. तिथे खूण करून काठी तोडली. त्यांची उंची आणि माझी चार बोटं, असं ते माप होतं. जमिनीत गाडायचा भाग सोडून तिथून वर काठी लावायची, आणि टोकाशी भोक पाडायचं.

पहिल्या दिवशी उगवतीच्या चार खांबांची भोकं झाली. दुसऱ्या दिवशी हे बोल्ट आणायला महाडला गेले. आणि नेमका माझ्या जात्याचा खुंटा डुगडुगायला लागला. पाचर हवी होती. मागच्या दारी काठी टेकलेली — सुका बांबू, हवा तसा. मला वाटलं, माप घेऊन झालंय. त्यांची वाट बघून विचारायला काय झालं होतं? नाही विचारलं. टोकाची चार बोटं कापली, पाचर ठोकली. पीठ छान पडलं त्या दिवशी.

महाडहून आल्यावर त्यांनी त्याच काठीने मावळतीच्या चार खांबांना खुणा केल्या.

उभारणीला नारळ फुटला, सगळी वाडी हातभाराला आली, ते दोघे शेतकरीही आले. खांब उभे राहिले, आडवी पट्टी चढवली — आणि ती मावळतीच्या अंगाला चार बोटं खाली. लोकांत हसू फुटलं. यांनी काठी आणून लावली. मावळतीला बरोबर बसली, उगवतीला कमी पडली. म्हणजे पहिल्या दिवशी आपणच चुकलो, असं त्यांनी धरलं. माझे मामंजी बांधावरून म्हणाले, "लाकूड आसतं तर तासून घेतलं आसतं. लोखंडाला काय करशील रे?"

मला तिथल्या तिथे कळलं होतं. त्यांनी ती काठी एकदा जरी स्वतःशेजारी उभी धरली असती तरी त्यांनाही कळलं असतं. आणि मी — डोईवर पाण्याची घागर घेऊन उभी मी — मनात म्हणत होते, त्यांनी धरू नये. भीती कुणाची होती? सासूबाई मायाळू होत्या. मामंजी मला कधी वाकडं बोलले नाहीत. भीती नव्हतीच. सगळे त्यांना हसत होते, त्यांनी मला हसू नये — एवढंच.

दिवेलागणीला जात्याची पाचर उपसून मी चुलीत घातली. ती जळत असतानाच हे येऊन शेजारी बसले. म्हणाले, "माझाच हात चुकला गो." आणि मी काय म्हटलं? म्हटलं, होतं असं कधीकधी.

उगवतीच्या खांबांना चार बोटं खाली नवीन भोकं पाडली. गोठा उभा राहिला, पक्का राहिला. पण ते दोघे शेतकरी पुन्हा आले नाहीत, आणि हे मुंबईला परत गेले. सात वर्षं. गणपतीला आणि शिमग्याला घरी. आमचा थोरला त्यांना बघून पाहुणे आले म्हणून आत पळायचा. ती सात वर्षं मी माझ्या हाताने कापली. माझीही आणि त्यांचीही.

पुढे मामंजी थकले, हे कायमचे घरी आले, आणि हळूहळू कामं मिळत गेली. कशेडी घाटाच्या पायथ्यापर्यंत यांचे गोठे आहेत. माणूस तीन-तीनदा मापतो अशी ख्याती झाली. आमच्या खांबांची रिकामी भोकं दावी ओवायला आणि कंदील अडकवायला सोयीची, म्हणून लोक मुद्दाम तशी पाडून मागतात. हे नुसते हसतात. आमचं सुखाचं चाललंय, खोटं कशाला बोलू? कधी मनात येतं, त्या चुकीनेच हे एवढे चोख झाले. पण ते मी मनात टिकू देत नाही. ते चोखच होते.

आमच्या गोठ्याच्या आडव्या पट्टीखालून जाताना हे अजून मान वाकवतात. मी रोज बघते.

काल हे नव्या कामासाठी काठी करायला बसले. एक टोक माझ्याकडे सरकवून म्हणाले, "धर गो. तू आसलीस का चूक व्हत नाय."

मी धरलं.