कानबाईच्या रोटातली माझी मूठ

देवपूरहून पुण्याच्या एसटीत बसवताना आबांनी, म्हणजे वडिलांनी, खिडकीतून एकच सांगितलं: "शिक, पन जास्त शाना व्हवू नको." मी भौतिकशास्त्र शिकायला निघालो होतो. सल्ल्याचा पहिला भाग पाळला.

आता पुण्यात तेच शिकवतो. तिथे सेमिनारमध्ये "अजून माहीत नाही" हे अब्रूदार वाक्य आहे. त्यावर पुढचा प्रोजेक्ट मिळतो. देवपुरात त्यावर काय मिळतं, ते गेल्या श्रावणात कळलं.

कानबाई या आमच्या देवीच्या श्रावणातल्या सणासाठी घरी आलो होतो, तर एका कॉलेजने व्याख्यानाला बोलावलं. माझ्याआधी एक महाराज बोलले. विश्व कसं निर्माण झालं हे त्यांनी स्वतः हजर असल्यासारखं सांगितलं. जाता जाता बिग बँगही पूर्वजांच्या नावावर केला. मग मी उठलो. विश्व एकेकाळी फार तप्त आणि दाट होतं याचे पुरावे आहेत, त्याआधी काय ते माहीत नाही, आणि माहीत नाही तिथे देव बसवून मोकळं होणं म्हणजे उत्तर नव्हे, असं म्हणालो. महाराजांना शाल मिळाली. माझी क्लिप भाऊबंदांच्या व्हॉट्सॲपवर फिरली.

कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी भरून गहू काढतात. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही. गहू काढताना माझं नाव आलं आणि थोरल्या काकांनी, नानांनी, आईला थांबवलं. देव न मानणाऱ्याची मूठ देवीच्या रोटात कशाला, म्हणाले. आबा गव्हातले खडे शोधू लागले.

माझं डोकं फिरलं. विश्वाच्या जन्माची खडानखडा माहिती असल्याचं सोंग करणाऱ्याला शाल, आणि ठाऊक नाही म्हणणारा परका? पुण्यातले मित्रही काही कमी नाहीत. एवढं शिकून रोट खायला जातोस, म्हणून हसतात. दोन्हीकडच्यांना माझ्याकडून दुसऱ्या बाजूचा राजीनामाच हवा असतो.

आई आवाज न चढवता म्हणाली, "नाना, जग कोन बनाडं ते तुम्हीन ठरावा. हाऊ पोऱ्या मी जनेल शे." जग कोणीही बनवलेलं असो, पोरगा तिने जन्माला घातला होता. तिने माझ्या मुठी टाकल्या.

नानांनी त्या रोटाला हात लावला नाही. यंदा त्यांचा निरोप आलाय: आधी माफी माग, मग ये. मी माफी मागणार नाही, आणि जाणार आहे. घर म्हणजे आता मला एवढंच उरलंय: ज्या पानावरून कोणी ऊठ म्हटलं तरी मी उठणार नाही, ते पान.