वारा नसताना फिरलेला पंखा

डायनॅमो उघडला तेव्हा आत उंदरांचं घरटं निघालं. कारंज्याच्या भंगारवाल्याकडून, अपघातात चेंदलेल्या मोटारलॉरीतला तो डायनॅमो मी पोत्यात गुंडाळून बैलगाडीने घरी आणला होता. आतल्या काळ्या ग्रीसमध्ये चार-पाच पिल्लं मरून वाळली होती आणि तांब्याच्या तारांना चिकटली होती. काडीने खरवडून मी ती एकेक सोडवली. आईने दोन दिवस मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. पुढे त्याच कामात मला स्वतःची जी किळस आली, तिच्यापुढे तो वास काहीच नव्हता.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळेनासं झालं होतं. आमचं गाव किन्हीराजाच्या बाजूला, उघड्या माळाच्या कडेला. मी वाशिमला मॅट्रिक होऊन शेती बघायला परत आलो होतो. गावात माझ्याइतकं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं आणि ही गोष्ट मी दिवसातून एकदाही विसरत नसे. वाशिमच्या वाचनालयात एका मासिकात मी एक चित्र पाहिलं होतं. परदेशातलं शेतावरचं घर, छपरावर पंखा, खिडकीत विजेचा दिवा. खाली दोन ओळींत लिहिलं होतं की वाऱ्याने पंखा फिरतो, पंखा डायनॅमो फिरवतो आणि डायनॅमो बॅटरी भरतो. तेवढ्या भांडवलावर मी कामाला लागलो.

गावचा सुतार माझ्या वडिलांच्या वयाचा होता. खांब, आडवी लाकडं आणि सायकलच्या चाकावरून डायनॅमोला पट्टा देण्याची सोय त्यानेच करून दिली. पात्यांवरून मात्र आमचं पटेना.

"टिन नोको घेऊ, भाऊ," तो म्हणाला. "छेदापाशी फाटते ते. सावरीचं लाकूड हलकं असते, त्याची पाती तासून देतो मी."

"काका, चित्रात तं पत्र्याचीच हायेत."

"चित्रातल्या पंख्याले वारा कुठी लागते?"

मी ऐकलं नाही. रॉकेलचे रिकामे डबे कापून मी चार पाती केली आणि खिळा ठोकून त्यांना भोकं पाडली. भोकांच्या कडा दातऱ्या निघाल्या, पण बोल्ट बसले तेव्हा मी समाधानी झालो. पंखा फिरायचा, खडखडायचा आणि डायनॅमो जागचा हलायचा नाही. मी पाती आणखी लांब केली. मधल्या काळात, त्याच भंगारवाल्याकडून आणलेल्या जुन्या बॅटरीतलं तेजाब सांडून माझ्या दोन धोतरांची चाळण झाली. हाताला आसात घालायच्या एरंडेलाचा आणि ग्रीसचा असा वास बसला की राखेने घासूनही जात नव्हता.

चैतात एका दुपारी माळावर जोराचा वारा सुटला. सुतार शिडीवर चढून पट्टा ताणत होता आणि मी खाली बॅटरीपाशी होतो. पत्रा फाटल्याचा आवाज आला. एक पातं सुटलं आणि त्याच्या उजव्या हाताला, अंगठा आणि बोटाच्या मधोमध लागलं. तो शिडीवरून उतरला तो हात पोटाशी धरूनच. मांस उघडं पडलं होतं आणि रक्तात ग्रीसचे काळे ठिपके तरंगत होते.

शेजारच्या वावरातली माणसं धावत आली, त्यांत गावचे पाटीलही होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. सुतार काही बोलायच्या आत मी बोललो.

"नट कसायले सांगतलं होतं मी याइले. ढिले राह्यले."

सुताराने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग दातांनी धोतराचा काठ फाडला, हाताला गुंडाळला आणि घराकडे निघून गेला.

सगळे गेल्यावर मी ते पातं उचललं. नट चारही घट्ट होते. पत्रा एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत सरळ चिरत गेला होता, आणि भोकं माझी होती. पात्यावरचं रक्त अजून ओलं होतं. ते मी उकिरड्यात खोल पुरलं आणि हात धुऊन घरी जेवायला बसलो. जेवलोही. आज ते लिहितानाही मला माझी शिसारी येते.

पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्नातल्या पलंगाचं आणि चौरंगाचं काम सुताराला मिळणार होतं. आठ दिवसांत कळलं की ते मालेगावच्या दुसऱ्या सुताराकडे गेलं. "त्याचं काम आता ढिलं झालं," असं पाटील पारावर म्हणाले. तो शब्द मी पुरवलेला होता. मी तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो.

एवढं होऊनही मी सुताराच्या घरी गेलो तो पात्यांसाठी. माझं न ऐकता त्याने सावरीची चार पाती आधीच तासून ठेवली होती. हातावर हळदीचा लेप होता, बोटं सुजली होती. मी हाताची चौकशी केली, नटाचा विषय काढला नाही.

"झालीच होती," तो म्हणाला. "घेऊन जाय."

त्या पात्यांवर पंखा असा फिरला की मला खाली उभं राहून ऐकत राहावंसं वाटलं. डायनॅमो घुमू लागला, बॅटरी भरली, लॉरीचा लहानसा दिवा पेटला. मग एका सकाळी मी पाहिलं तर वारा पार पडलेला आणि पंखा तरी हळूहळू फिरतोच आहे. आधी मी चकित झालो. थोड्या वेळाने दिवा मंद होत गेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वारा नसला की बॅटरीच उलटी डायनॅमोला फिरवत होती, आणि त्यापायी रिकामी होत होती. माझ्या यंत्रातला हा सरळ दोष होता. बॅटरीची तार काढली की पंखा थांबायचा.

चार दिवसांनी पाटील आपल्या व्याह्यांना घेऊन पंखा दाखवायला आले. मागे निम्मं गाव होतं. त्या दिवशी वाऱ्याचा मागमूस नव्हता. मला तार काढून ठेवता आली असती. मी ती जोडली. पंखा डुलत फिरू लागला.

"पाहा," पाटील व्याह्यांना म्हणाले, "वाऱ्याचीबी गरज नाई आमच्या पोराच्या पंख्याले. लग्नात मांडवात याचाच दिवा लावू."

व्याह्यांनी मान डोलावली. कोणीतरी खांबापाशी नारळ ठेवला. मी हसत उभा होतो. तेवढ्यात सुतार माझ्या बाजूला येऊन थांबला. दुखरा हात त्याने छातीशी धरला होता.

"निंबाचं पान हालून नाई राह्यलं, भाऊ," तो हळूच म्हणाला. दुसऱ्या कोणाला ऐकूही गेलं नसेल.

मी नारळाकडे पाहिलं, पाटलांच्या पानाने लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्या तोंडावरची फुशारकी माझ्याच तोंडावरून उचलल्यासारखी वाटली. अंगावर काहीतरी बुळबुळीत चढावं तसं झालं. मी वाकून तार ओढली. पंखा दोन फेरे घेऊन थांबला.

"हा वाऱ्यानं नोता फिरत," मी म्हणालो. "बॅटरीनं फिरत होता. मांडवात लावला तं घंटाभरात अंधार होईल. अन् सुतारकाकाचे नट ढिले नोते. टिनाची भोकं म्या पाडली होती, तिथून फाटलं ते."

पाटलांनी बाजूला पानाची पिंक टाकली. "सोयऱ्यासमोर हे सांगाची काय गरज होती?" एवढंच ते म्हणाले आणि व्याह्यांना घेऊन चालते झाले. सुताराबद्दल त्यांनी विचारलं नाही. पलंगाचं काम मालेगावलाच राहिलं.

मी सुताराच्या मागे त्याच्या घरापर्यंत गेलो.

"काका, चुकलो मी."

"हव," तो म्हणाला. "चुकला." आणि आत गेला.

पुढे कारंज्याला कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीच्या मिस्त्रीने मला सांगितलं की लॉरीत डायनॅमोजवळ कटआउट नावाची एक डबी असते. वीज उलटी जाऊ लागली की ती रस्ता तोडते. भंगारवाल्याने ती काढून वेगळी विकली होती. मी दुसरी मिळवली, जोडली, आणि पंखा ठीक चालू लागला. आमच्या ओसरीत दीड वर्ष दिवा जळला. बघायला येणाऱ्यांना पाती कोणी तासली ते मी सांगत असे.

सुताराचा अंगठा पुरता मिटला नाही. लाकूड तासायला वाकस हातात धरवेना, तेव्हा त्याने सुतारकी सोडली आणि दुसऱ्यांच्या वावरात रात्री पिकाच्या जागलीला जाऊ लागला. एकदा मी त्याला म्हणालो, "तुमच्या घरी तार ओढून दिवा लावून देतो."

"आमच्या घरी कंदील हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या पावसाळ्यात डायनॅमोच्या तारा जळाल्या. मी पंखा उतरवला, सावरीची पाती माळ्यावर ठेवली आणि पुन्हा त्या कामाला हात लावला नाही.