अण्णांची बाजू

सकाळी चहाच्या वेळी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, पेपर उलटा धरला होता. मी तो सरळ करून दिला. राजकारणावरून आमचे कडाक्याचे वाद व्हायचे. एका निवडणुकीनंतर तर आम्ही दोन महिने एकमेकांशी बोललो नव्हतो. पुढे त्यांचं विसरणं वाढत गेलं.

पहिल्या पानावर त्यांच्या लाडक्या नेत्याचा फोटो होता. त्यांना डिवचायला मी मुद्दाम म्हणालो, "अण्णा, या माणसाने वाटोळं केलं सगळं."

पूर्वी ते ताडकन उठले असते. आज फोटोकडे बघत म्हणाले, "असेल बुवा. आपल्याला काय ठाऊक?"

मला ते सहन होईना. मग मीच त्या नेत्याची बाजू घेतली आणि अण्णांचे जुने मुद्दे त्यांच्याच आवेशात मांडत राहिलो. ते कौतुकाने ऐकत होते.

"छान बोलता हो तुम्ही," ते म्हणाले. "कुणाचे चिरंजीव?"