ह्या हप्त्यात होईल तेवढंच

आप्पा गेले असा अशफाकचा फोन आला, तेव्हा मी रडायच्या आधी विचारलं, तुला कुणी सांगितलं? स्वभावच तसा आहे माझा. घरात दूध उतू गेलं तरी मी आधी माणसांकडं बघते. अशफाक आणि मी बीडला शेजारशेजारी बसून प्रोग्राम लिहायचो, त्याला हे ठाऊक आहे, म्हणून तो चिडला नाही. ‘मातीला गेलतो मी’ एवढंच म्हणाला. मग फोन ठेवला आणि रडले...

आप्पा म्हणजे नागनाथआप्पा, बीडमधल्या कापडदुकानदाराचे चिरंजीव. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शिकलेली सगळी पोरं पुण्याकडं धावत होती, तेव्हा हे पुण्यातली चांगली नोकरी सोडून उलटे आले आणि दुकानाच्या वरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसले. पुण्यात काहीतरी भानगड केली असणार, असं माझं पहिल्या दिवसापासूनचं मत. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या आडत्यांसाठी शेतकऱ्याच्या मालाची हिशेबपट्टी काढणारा प्रोग्राम आम्ही तिथं करत होतो. मी नेकनूरहून एसटीनं यायची.

सोमवारी सकाळी कामाची वाटणी व्हायची. आप्पा टेबलावर चिठ्ठ्या पसरायचे. एका चिठ्ठीवर एकच काम... हमाली वजा करणं, तोलाई लावणं, पट्टी छापणं. ज्यानं त्यानं आपली चिठ्ठी उचलायची, किती होईल ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि शनिवारी ते आडत्याला चालवून दाखवायचं. आता याला भारी भारी इंग्रजी नावं आहेत, त्याची सर्टिफिकेटं मिळतात. आम्ही आठवड्याच्या कामाला नुसतं ‘हप्ता’ म्हणायचो. मला तेव्हा वाटायचं, एवढे तुकडे कशाला? सगळा प्रोग्राम कुणा एकाच्या हाती लागू नये म्हणूनच ना? आडते अर्धवट काम बघून नव्या चुका काढायचे आणि आप्पा खुशीत त्यांच्याही चिठ्ठ्या करायचे. मला त्यात दोघांची मिलीभगत दिसायची. एकदा हुशारी दाखवायला मी मूठभर चिठ्ठ्या उचलल्या, तर आप्पा शांतपणे म्हणाले, ‘ह्या हप्त्यात होईल तेवढंच बोल. आन् दुसऱ्याच्या कामाचा शब्द दुसऱ्यानं द्यायचा न्हाई, मीबी देणार न्हाई.’ हे मात्र मला मनापासून आवडलं होतं. आमच्या घरात माझ्या वतीनं शब्द द्यायला सगळेच तयार असत.

वडिलांना ही रीत पटली नाही. दर सोमवारी काम वाटून घेता, मग ही रोजंदारीच झाली, नोकरी काहून म्हणायची, असं त्यांचं म्हणणं. पक्की नोकरी लागली तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात लग्न, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून मी गुपचूप पुण्याला एका कंपनीत मुलाखत देऊन आले. मुलाखत चांगली झाली. फोन करून कळवतो म्हणाले. नेकनूरला घरी फोन नव्हता, म्हणून ऑफिसचा नंबर दिला. तो फोन आप्पांच्या टेबलावर असायचा.

फोन आलाच नाही. मी आप्पांना विचारलं, ते नाही म्हणाले. पण त्या सोमवारी त्यांनी चिठ्ठ्या पसरल्याच नाहीत. पट्टी छापायचं सगळ्यात मोठं काम त्यांनी स्वतः माझ्या हातात दिलं, आणि माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढं मी स्वतःचीच समजूत घातली, की आपल्याला सगळीकडं काळंबेरंच दिसतं. उन्हाळ्यात लग्न झालं. पुण्यात नोकरी लागायला मग कितीतरी वर्षं गेली, तीही सासरच्यांची मनधरणी करून. आप्पांना नमस्कार करायला मात्र दर दिवाळीला जात राहिले. ते मला चहा प्यायल्याशिवाय सोडत नसत, आणि निघताना दारापर्यंत येऊन काहीतरी बोलायचं म्हणून उभे राहत... आणि न बोलता आत जात.

परवा आप्पांच्या पत्नीला, काकूंना भेटायला गेले. वरची खोली तशीच आहे, फोनच्या जागी आता कापडाचे गठ्ठे आहेत. काकूंनी एक गठ्ठा सरकवून मला बसायला जागा केली. मग म्हणाल्या, ‘पोरी, तुझा पुण्याचा फोन आलता. ह्यांनी सांगितलं, ती वर्षभर मोकळी न्हाई म्हणून. तू गेली असती तर समदं मोडलं असतं, आसं म्हणायचे. मंग दर सोमवारी आपलं तेच... ह्या हप्त्यात तिला सांगून टाकतो.’

म्हणजे ज्या माणसानं आम्हाला आठवड्यापुढचं कधी बोलू दिलं नाही, त्यानं माझं वर्ष परस्पर देऊन टाकलं होतं. माझा संशय खरा निघाला, आणि खरं सांगते, जन्मात पहिल्यांदा तो खोटा निघायला हवा होता असं वाटलं. मला भयंकर राग आला. आणि तो ज्यांच्यावर काढायचा, ते नाहीत याचं रडूही त्याच वेळी आलं. मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं होतं.

काकूंनी माझा हात धरला. ‘माफ करशील ना गं त्यांना?’

हो म्हणणं सोपं होतं. दुखवट्याच्या घरी माणसं हो म्हणतातच. पण त्या खोलीत बसून मला खोटं बोलवेना.

‘ह्या हप्त्यात न्हाई होणार, काकू,’ मी म्हणाले.